भंगारवाल्याला फोन दे

या लिखाणात कुणाचं नाव नाही. गावाचं आहे, आणि ते खरं आहे. सायखेडा. लिहायला बसण्याआधी मी माझ्या चुलत बहिणीला विचारलं होतं, तुमच्या घरचं लिहू का, आणि लिहिलं तर गावाचं नाव बदलून टाकू का. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "लिही. पण गाव नको बदलू, दादा. मागच्या वेळी बदललं होतंस ना? काय उपयोग झाला?"

मी पाणी प्यायलो.

मी नाशिकच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. नात्यागोत्यात मात्र मला प्राध्यापक म्हणून कुणी ओळखत नाही. गोष्टी सांगणारा म्हणून ओळखतात. लग्नात शेवटची पंगत उठली की लोक माझ्याभोवती खुर्च्या ओढतात. दहाव्याला घाटावरसुद्धा, पिंडाला कावळा शिवायची वाट बघताना, मला कुणीतरी कोपरखळी मारतंच, सांगा ना एखादी. आणि मी सांगतो. बायको म्हणते, "भाजीत मीठ कमी पडलेलं यांना चालतं. गोष्टीत पडलेलं नाही चालत."

तर अशा माणसाला सरकारनं पैसे दिले. तेही संरक्षणाच्या खात्यातून.

झालं असं की दिल्लीहून एक जाहिरात आली होती. सैनिकांचं मनोबल, त्यांचं वागणं, त्यांची कुटुंबं अशा विषयांवर सामाजिक संशोधन करणाऱ्यांना अनुदान मिळणार होतं. सरकार तोफा घेतं हे मला माहीत होतं, देवळालीच्या बाजूनं सरावाचे आवाज येतात तेव्हा आमच्या खिडक्यांच्या काचासुद्धा ते सांगतात. पण तोफेमागे उभ्या असलेल्या माणसाला झोप नीट लागते का, हे विचारायलाही सरकार पैसे देतं, हे मला नवीन होतं. मनात देशसेवा वगैरे दाटून आली असं म्हणायला आवडलं असतं. खरं कारण असं की माझी बढती अडकली होती आणि प्राचार्य म्हणाले होते, "सर, एखादा मोठा प्रकल्प आणा, मग बघू."

मी विषय दिला, सीमेवरचा जवान आणि त्याचं घर, यांच्यातलं बोलणं. दिल्लीला मुलाखतीला बोलावलं. समितीत एक निवृत्त अधिकारी होते, ताठ बसलेले, मिशा माझ्या सगळ्या पदव्यांपेक्षा भारदस्त. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "प्रोफेसर, यातून माझ्या जवानाला काय मिळणार?"

मी म्हणालो, "सर, घरचं खरं काय चाललंय ते कळलं, तर जवान निश्चिंत होईल. ताण येतो तो लपवालपवीमुळे. खरं बोलणं वाढलं की ताण उतरेल, हे मला दाखवून द्यायचं आहे."

ते म्हणाले, "दाखवा."

अनुदान मंजूर झालं आणि नात्यात बातमी अशी पसरली की मी सैन्यासाठी काहीतरी गुप्त बनवतोय. एका लग्नात वधूच्या मामांनी मला कोपऱ्यात घेतलं. "काय, बॉम्बचं काम का?" मी म्हणालो, "छे हो, मन मोजायचं काम आहे." त्यांनी डोळा मारला. "बरोबर आहे. सांगता येत नसणार." आता इथं मी नीट समजावून सांगायला हवं होतं. मी नुसतं हसलो, आणि जिलबी आग्रहानं दोनदा वाढली गेली.

काम सुरू करायचं तर आधी प्रश्नावली चार ओळखीच्या घरी चालवून बघायची पद्धत असते. म्हणून मी सायखेड्याला गेलो, बहिणीकडं. दाजी सैन्यात, त्या वेळी कुठंतरी वर बर्फाच्या भागात. घरी ती, शाळेत जाणारी लेक, आणि सासरे. सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणतो, मीही म्हणतो. सासूबाई काही वर्षांपूर्वी गेल्या.

माझी प्रश्नावली पुस्तकी मराठीत होती. "आपल्या पतीशी होणाऱ्या संवादाच्या गुणवत्तेविषयी आपण कितपत समाधानी आहात?" असं मी वाचलं, आणि बहीण म्हणाली, "दादा, तू बरा आहेस ना?" त्याआधी तिची संमतीची सही घ्यायची होती. ती बघतच राहिली. "सही? दरवर्षी ओवाळते तुला, ती काय कमी पडली?" तरी तिनं केली. मी सांगितलं, नाव कुठंच येणार नाही, संशोधनात नाव नसतंच.

इतक्यात फोन वाजला. दाजींचा होता. तिकडं मोबाईलला रेंज नसते, युनिटच्या फोनवरून रांगेत उभं राहून बोलावं लागतं, म्हणून फोन आला की घरातलं सगळं थांबतं. इथं मात्र थांबलं नाही, एकदम सुरू झालं. तिनं कुकरखालचा गॅस बंद केला. लेकीनं टीव्हीचा आवाज बंद केला. आणि आबा, जे इतका वेळ भिंतीला टेकून खोकत होते, ते उठले, पायात चप्पल सरकवली आणि लगबगीनं अंगणात गेले. अंगणात त्यांची पिकअप उभी असते. कांद्याच्या सीझनला चालते, एरवी कोंबड्या तिच्याखाली बसतात. आबा तिच्यात चढले, दार ओढून घेतलं आणि काच फिरवून फिरवून वर केली. मग आत बसून मोकळे खोकले. बाहेर आवाज येत नव्हता, फक्त काच धुरकट होत होती.

इकडं खिडकीत उभी राहून बहीण फोनवर सांगत होती, "सगळं मस्त हे. आबा ना? आबा मळ्यात गेले. लय ठणठणीत हे."

तेवढ्यात पिकअपचा हॉर्न वाजला. आखूड, पिचका. पुन्हा वाजला. मी चमकलो. तिनं फोनवर हात न ठेवताच सांगून टाकलं, "कुणी नाय हो, भंगारवाला आलाय."

फोन संपल्यावर तिनं मला समजावलं. पिकअपचं डावीकडचं दार जाम झालेलं. आबांना स्टेअरिंगमागंच बसावं लागतं, आणि खोकल्याची जोराची उबळ आली की ते पुढं वाकतात आणि छाती हॉर्नवर पडते. चावी नसली तरी या गाडीचा हॉर्न वाजतो. गोठ्यात जाऊन खोकावं तर गोठा खिडकीला लागूनच, सगळं ऐकू जातं. म्हणून गाडी. हॉर्नसाठी तिनं कधी भंगारवाला आणला होता, कधी दूधवाला, कधी मीठ विकणारा.

"एकदा फोनवर ते मला म्हणाले, आपल्या आळीत लय गाड्या यायला लागल्या गं, रस्ता डांबरी झाला का? मी म्हटलं, झाला ना."

"झाला?"

"कुठला? खड्डा तर तूच आत्ता बघितला. पण आता ते सुट्टीवर यायच्या आत ग्रामपंचायतीच्या मागं लागावं लागंल."

आम्ही दोघं हसलो. मग मी विचारलं, लपवता कशाला, हा काही एवढा मोठा आजार नसेल. तिचं हसू गेलं. सासूबाई आजारी होत्या तेव्हा घरच्यांनी दाजींना सगळं खरंखरं कळवलं होतं. त्यांना सुट्टी मिळाली नाही. ते तिकडं नुसते पहाऱ्यावर उभे राहायचे, जेवण सोडलं, बोलणं सोडलं. शेवटी त्यांच्या साहेबांचा घरी फोन आला होता, की यांची आम्हालाच काळजी वाटते, हातात बंदूक असते माणसाच्या. तेव्हापासून या घरात ठरलं, फोनवर वाईट काही सांगायचं नाही. सुट्टीवर माणूस डोळ्यांसमोर आला की सांगायचं, जे असेल ते.

"आबांचं डॉक्टरकडं?"

"कांदे निघाले की नेते. तुला म्हणून सांगितलं, दादा. कुणाला बोलू नको हां."

मी म्हणालो, नाव कुठंच येणार नाही. हे मी त्या दिवशी दुसऱ्यांदा म्हणालो.

आता छावणीतल्या सभागृहाचं सांगतो. बरीच पत्रापत्री झाल्यावर मला मराठी जवानांच्या एका गटाशी बोलायची परवानगी मिळाली होती. ते समोर ओळीत बसले, पाठी सरळ, हात मांडीवर. मी विचारलं, घरच्यांशी बोलणं होतं का? "होतं, सर." काही लपवलं जातं असं वाटतं का? "नाही, सर." घरची काळजी? "सगळं ठीक, सर." एकामागून एक, कवायतीसारखं. दाराशी उभे असलेले सुभेदार घड्याळ बघायला लागले. दिल्लीच्या मिशा माझ्या डोळ्यांसमोर आल्या. दाखवा, म्हणाले होते.

आणि मग मी जे घाटावरही करतो ते केलं.

म्हणालो, "अरे, लपवणं म्हणजे वाईटच असं नाही. मी एक घर बघितलं. गाव नाही सांगत, नांदगावकडचं समजा." आणि पिकअप सांगितली. आबांची लगबग सांगितली, चप्पल सांगितली, धुरकट काच सांगितली. हॉर्न तर मी तोंडानं वाजवून दाखवला. भंगारवाला, दूधवाला, डांबरी रस्ता, सगळं. संशोधकानं माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलायचे असतात. मी बदलले होते. कांद्याचा मका केला होता, सुनेची लेक केली होती, सायखेड्याचं नांदगाव केलं होतं. फक्त ज्याच्यावर हशा येतो ते तसंच ठेवलं होतं.

हशा आला. पाठी सैल झाल्या. सुभेदारसुद्धा हसले. मला इतकं बरं वाटलं की मी वर थोडं आणखी मीठ टाकलं. "अंगणात ती गाडी, मागं भरलेली नदी, नदीवर संध्याकाळचा वारा, आणि मधेच तो हॉर्न!"

मागच्या ओळीतला एक जवान हसत नव्हता. त्यानं हात वर केला. "सर, नांदगाव तर दुष्काळी. तिथं एवढी भरलेली नदी कुठली?"

पुन्हा हशा. मीही हसलो, म्हणालो, "गोष्टीतली नदी, तिला पाणी भरपूर." तो मान हलवून खाली बसला. त्यानंतर मात्र सगळे भडाभडा बोलले. कुणाच्या आईनं पडलेलं घर लपवलं होतं, कुणी स्वतः मोडलेला पाय. माझा रेकॉर्डर भरून वाहिला. घरी आलो तो हवेतच. बायकोला म्हणालो, "आज खरं काम झालं." ती म्हणाली, "हॉर्न वाजवून दाखवला असणार तुम्ही." तिला मी तोपर्यंत हॉर्नचं सांगितलं होतं हे उघडच आहे. कॉलनीतही दोघातिघांना सांगितलं होतं.

तो मागच्या ओळीतला जवान सायखेड्याच्या समोरच्या, गोदावरीच्या पलीकडच्या काठावरच्या गावचा होता. पिकअप त्याला माहीत होती, आबा माहीत होते. दाजी आणि तो एकाच वेळी भरती झालेले. लष्करात अशी बातमी पोचायला सरकारी यंत्रणा लागत नाही. त्यानं चेष्टा म्हणून नाही, काळजी म्हणूनच दाजींना निरोप दिला. मला हे नंतर त्यानंच फोन करून सांगितलं. "सर, माझं चुकलं का?" असं तो मला विचारत होता. मला!

बहिणीचा फोन आला तेव्हा मी वर्गावर निघालो होतो.

"दादा, त्यांना कळलं."

"काय कळलं?" मी विचारलं. मला माहीत होतं काय ते. तरी विचारलं.

तिनं सांगितलं ते असं. दाजींचा फोन आला. कुकर बंद, टीव्ही बंद, आबा गाडीत. ते नेहमीसारखं बोलत होते. मधेच हॉर्न वाजला. त्यांनी विचारलं, कोण आलं गं? ती म्हणाली, भंगारवाला. तर ते म्हणाले,

"भंगारवाल्याला फोन दे."

ते पुन्हा म्हणाले, अगदी शांतपणे, "दे ना. बोलतो मी त्याच्याशी. बाप आहे माझा."

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे रस्तापण नाय झाला?" आणि फोन ठेवला.

"त्यांना कोणी सांगितलं असंल, दादा? घरातलं तर कुणी नाय."

मी "बघतो" म्हणालो. काय बघणार होतो कोण जाणे. वर्गात जाऊन मी त्या दिवशी काय शिकवलं ते आठवत नाही. मुलंही काही बोलली नाहीत, नेहमीसारखंच वाटलं असेल त्यांना.

रविवारी सायखेड्याला गेलो आणि सांगून टाकलं. नाव घेतलं नव्हतं, गाव बदललं होतं, नांदगाव म्हटलं होतं. बहीण ऐकत राहिली. तिनं रागानं काही फेकलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "नाव कशाला घ्यायला पाहिजे, दादा? अशी गाडी दुसरी कुणाची असती?"

त्या दिवशी चहा लेकीनं आणून दिला.

आबा अंगणात बाजेवर होते. मला बघून म्हणाले, "या मास्तर. पोरगं भरतीला दोनदा नापास झालं होतं. मी बसल्या जागी लष्करात पोचलो, तुमच्या कृपेनं." आणि खोकले. मला हसायचं होतं, त्यांनी त्यासाठीच म्हटलं होतं. जमलं नाही.

मी आबांना नाशिकला घेऊन आलो. फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं. औषधं बरेच महिने घ्यायची होती, पण बरं होण्यासारखं होतं. गाडीचं भाडं प्रकल्पाच्या प्रवासखर्चात बसवता आलं असतं. नाही बसवलं. याचा मला त्या काळात जरा अभिमानही वाटला, यावरून माझी काय पातळी झाली होती ते कळावं.

आबा सुधारू लागले. जेवण वाढलं, मळ्यापर्यंत चालत जायला लागले. आणि खरी शिक्षा तेव्हा सुरू झाली. कारण आता दाजी कशावरच विश्वास ठेवेनात. बहीण सांगायची, आबा बरे हे. पलीकडून, "असं का." ती सांगायची, खरंच, देवाशपथ. पलीकडून, "हं." आबांनी स्वतः फोन घेतला. "अरे, मी बरा हाय." तर मुलगा म्हणाला, "तुम्ही तर त्या खोटं बोलणाऱ्यांतले मेन." लेक सांगायची, मी पहिली आले वर्गात. त्यावरही ते विचारायचे, खरं की कसं? पोर रडायला लागली. तिकडं त्यांचं जेवण पुन्हा सुटलं होतं, हे नदीपलीकडच्या त्या जवानानं तिकडच्या ओळखीच्यांकडून ऐकून मला कळवलं. हातात बंदूक असते माणसाच्या, हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

बहीण एकदा म्हणाली, "आधी मी खोटं बोलायचे तर त्यांना झोप लागायची. आता खरं बोलते तर लागत नाय. हे तुझ्या पुस्तकात कुठं बसतं, दादा?"

कुठंच बसत नव्हतं. खरं बोलणं वाढलं की ताण उतरेल, असं मी सरकारला लिहून दिलं होतं.

वार्षिक अहवाल द्यायची वेळ आली. मी दिल्लीला गेलो. तक्ते दाखवले, संवादातली तफावत अमुक, लपवण्याची कारणं तमुक. पिकअप कुठंच नव्हती. ते निवृत्त अधिकारी शेवटपर्यंत ऐकत होते. म्हणाले, "प्रोफेसर, काम चोख आहे. पण जीव नाही यात. एखादं घर डोळ्यांसमोर आणा की." जिभेवर आलं होतं. जिभेवर ते नेहमीच असतं. मी म्हणालो, "सर, घर आहे. पण ते माझं नाही." त्यांना काय वाटलं माहीत नाही. दुसरा हप्ता मंजूर झाला. प्राचार्यांनी पेढे वाटले, मीही एक खाल्ला.

दिल्लीत त्या अधिकाऱ्यांना मी विचारलंही होतं, चहाच्या वेळी, की जवानाला घरचं वाईट कळवावं की नाही? ते म्हणाले, "माझ्या पत्नीनं मला कधी कळवलं नाही. मीही तिला नाही." मग कप खाली ठेवून म्हणाले, "आता आम्ही दोघंच असतो घरात. बोलायला विषय लागतो." आणि उठून गेले.

त्यानंतर मी दर रविवारी सायखेड्याला जायला लागलो. कारण असं झालं होतं की दाजी फक्त माझं ऐकत होते. का, तर मी फितूर. फितुराला खोटं बोलायचं कारण नसतं. फोन आला की ते म्हणायचे, "दादा आलेत का? त्यांना द्या." मग मी खिडकीत उभा राहून कवायतीसारखं सांगायचो, आबांचा खोकला किती, जेवण किती, डॉक्टर काय म्हणाले. बहीण मागं उभी असायची, तिच्याच घरात, तिच्याच नवऱ्याच्या फोनपासून हातभर दूर. एवढं करून ठेवलं होतं मी.

पावसाळ्यात एका रविवारी गेलो तर तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. मोरीत घसरली होती.

"त्यांना नाय सांगायचं," मी चपला काढायच्या आत ती म्हणाली. "महिन्याभरात निघंल प्लास्टर. सुट्टीवर येतील तोवर हात मोकळा."

"अगं, पण..."

"पण नाय अन् बिण नाय. तुझं ऐकत्यात ते. एकदा माझ्यासाठी खोटं बोल. लोकांसमोर माझं खरं सांगितलंस, आता त्यांच्यासमोर खोटं सांग. फिटलं."

न्याय तिचा होता. मी मान डोलावली. सोपं होतं. सगळं ठीक, एवढं म्हणायचं. सगळा देश म्हणतो.

फोन आला. "दादा, बोला."

आबांचं सांगितलं. लेकीचं सांगितलं. मग ते म्हणाले, "आणि ती?"

बहीण समोर उभी, डाव्या हातानं नाही नाही करत. मला आठवतं, मी तोंड उघडलं ते ठीक म्हणायलाच. पण या माणसाला विश्वास ठेवायला एकच जागा उरली होती आणि ती मी होतो. आणि तीही मी कमावलेली नव्हती, चोरलेली होती.

"हात मोडलाय तिचा," मी म्हणालो. "उजवा. मोरीत पडली. प्लास्टर आहे. जेवण लेक करते, भाकऱ्यांचे नकाशे होतात. आणि ती समोर उभी राहून मला सांगू नको म्हणतेय."

बहिणीनं डोळे मिटले. पलीकडं रांगेतलं कुणीतरी खाकरलं.

"वटारलेत का डोळे?"

"आत्ता मिटलेत."

"तिला द्या."

मी फोन दिला. तिनं डाव्या हातानं घेतला, माझ्याकडं पाठ केली. बराच वेळ नुसतं "हं, हं" चाललं होतं. मी जायला निघालो, तर तिचा आवाज ऐकू आला, वेगळाच. "दुखतंय ना. लय दुखतंय. झोपच नाय लागत या कुशीवर." मग थांबली आणि सुटलीच. कांदा सडला तो, शेजाऱ्यांनी बांध कोरला तो, गाय आटली ते, रस्ता कसा आहे ते. सासूबाई गेल्यापासूनचं सगळं निघत होतं. मधेच ती हसली. तिकडूनही हसण्याचा आवाज आला, आणि मग दाजी काहीतरी सांगायला लागले, लांबलचक, आणि ती म्हणाली, "पाय गारठून सुजला? कधी? अन् तुम्ही मला म्हणत होता, थंडीच नाय!"

इथं माझा हात खिशातल्या पेनाकडं गेला होता. हे कबूल करतो. पेन मी बाहेर काढलं नाही.

मी अंगणात आलो. बाज रिकामी होती. पिकअपची काच वर गेली होती. आबांना कुणी जा म्हटलं नव्हतं. फोन आला की उठायचं ही पायांची सवय, पाय घेऊन गेले होते.

आणि हॉर्न वाजला. आखूड, पिचका.

खिडकीतून बहिणीचा आवाज आला, सहज, बोलता बोलता.

"कुणी नाय हो. आबा खोकताय."